दोनदा नको

“लिही,” मॉसी हर्न म्हणाला. “ब्ला सकाळी अकराच्या आत खायचा. अकरानंतर तो नुसता पाव.”

कॉर्मक डावरने फोनवर अंगठ्यांनी टिपून घेतलं. “आणि आत काय घालायचं?”

“लोणी. फार तर लालभडक सॉसेजचा एक काप, आपण शाळेत न्यायचो तसा. कुणी त्यात आवोकाडो घालून दिला, तर पाहुण्याने गोड हसून बाहेर पडायचं.”

“असंच लिहू?”

“असंच लिही. आणि ब्लावर भुरभुरलेलं पीठ कोटावर सांडतं, ते झटकत बसू नये. कोटावर पीठ दिसलं की आपल्या गावातली माणसं आपणहून बोलायला येतात.”

हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीतले पाहुणे उठून गेले होते. टेबलांवर टोस्टचे चुरे आणि अर्धवट प्यायलेले चहाचे कप उरले होते. खिडकीबाहेर शूर नदी भरतीने फुगली होती. वॉटरफर्डच्या घाटावरच्या या जुन्या हॉटेलात मॉसी छत्तीस वर्षं दारावर पोर्टर होता. बॅगा उचलायच्या, दार उघडायचं, ही कामं होतीच. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. दोन दिवसांसाठी गाव बघायला आलेला माणूस खोलीत बॅग टाकून खाली यायचा आणि दाराजवळच्या मॉसीच्या टेबलापाशी थांबून विचारायचा, “इथे खायला-प्यायला कुठे जावं?”

मॉसी लगेच उत्तर देत नसे. तो आधी समोरच्याचे बूट बघायचा. नव्या जोडप्याला तो शेकोटीशेजारच्या, दोनच खुर्च्या मावतील अशा कोनाड्याचा पब सांगायचा. एकट्या म्हाताऱ्याला असा बार सांगायचा, जिथला बारवाला गप्पा मारतो पण प्रश्न विचारत नाही. दमलेल्या बाईला तो मुळी बाहेरच पाठवत नसे. “आज इथेच सूप घ्या, उद्या बघू,” म्हणायचा. छत्तीस वर्षांत त्याने दोन माणसांना एकच उत्तर क्वचितच दिलं असेल.

मग हॉटेल विकलं गेलं. नवे मालक डब्लिनचे. त्यांनी ठरवलं की एप्रिलअखेर दाराजवळचं टेबल काढून टाकायचं. त्याऐवजी पाहुण्यांच्या हातात एक पुस्तिका द्यायची, ‘दोन दिवसांत काय खावं, काय प्यावं’ अशी, आणि दर शनिवारी सकाळी गावातून खाण्यापिण्याची एक फेरी काढायची. मॅनेजर कॉर्मकने पुस्तिकेचं काम अंगावर घेतलं. त्यासाठी तो तीन आठवडे मॉसीबरोबर गावभर फिरला होता.

कॉर्मक काही परका नव्हता. बॅलीब्रिकनला मॉसीच्याच रस्त्यावर वाढलेला. सोळाव्या वर्षी मॉसीनेच शब्द टाकून त्याला हॉटेलात चिकटवलं होतं, आणि बॅग पाठीने नाही, गुडघ्याने उचलायची हेही मॉसीनेच त्याला शिकवलं होतं. पुढे तो नऊ वर्षं हॉलंडच्या हॉटेलांत राहिला आणि मॅनेजर होऊन परत आला.

कॉर्मकने फोन खाली ठेवला. “मॉसी, खरं सांगू? ही शनिवारची फेरी तुम्हीच घ्यायला हवी.”

मॉसीने समोरचा कप बशीत नीट ठेवला. टेबल गेल्यावर आपण काय करायचं, हा प्रश्न त्याने ख्रिसमसपासून कुणालाही बोलून दाखवला नव्हता. त्याचं उत्तर असं चुऱ्यांनी भरलेल्या टेबलावर समोर आलं होतं.

“छे रे, मी कसला!” तो म्हणाला. “कुणीतरी तरुण बघ.”

चार दिवसांनी जिन्यात कॉर्मकने पुन्हा विषय काढला. “विचार केलात का? लोकांना तुम्ही आवडता, मॉसी.”

“अरे नको, पोरा. तो पॅट्रिक स्ट्रीटचा चढ आला की गुडघे कुरकुरतात माझे.”

गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तोच चढ चढून तो रोज घरी जात होता.

“बरं,” कॉर्मक म्हणाला आणि वर गेला.

त्या संध्याकाळी मॉसीने बायकोला सगळं सांगितलं. स्टेशा बटाटे सोलत होती.

“किती वेळा विचारलं?”

“दोनदा.”

“आणि तू?”

“दोनदा नको म्हटलं.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “आता तिसऱ्यांदा विचारील तेव्हा तेवढं पटकन हो म्हण. तू मला मागणी घातलीस तेव्हा मीही दोनदा नको म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला तू सात महिने लावलेस, गाढवा.”

“धीर गोळा करत होतो.”

“मी लग्नाचा कोट शिवून बसले होते!”

हे त्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही, मुलं बघूनच शिकतात. चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरचा नुसताच रीत म्हणून विचारत असेल, घरात दूधसुद्धा नसेल, तर त्याला सुटायला वाट ठेवायची. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, कारण दूध थोडंसंच असू शकतं. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे त्याच्या मनात खरंच आहे. मग घ्यायचा, आणि चांगले दोन कप घ्यायचे.

मॉसी तयारीला लागला. बुटांना नवे तळ लावून घेतले. रविवारी प्रार्थना आटोपली की तो स्टेशाला पाहुणी करून अख्खी फेरी चालवून बघायचा.

“मी शिकागोची बाई,” स्टेशा पर्स छातीशी धरून म्हणाली. “मला मैदा चालत नाही.”

“मग ब्ला खायला कशाला आलात, बाई?”

“असं बोलतात का पाहुण्यांशी? काढून टाकतील तुला!”

“अजून ठेवलंय कुठे!”

पबमध्ये त्याने काळ्या बिअरचे दोन पाइंट मागवले आणि तिच्या हातावर हलकेच चापट मारली. “आता हात लावायचा नाही. वरचा फेस पांढरा आणि खालचं सगळं काळं होऊ द्यायचं. बारवाला मान हलवील तेव्हा उचलायचा.”

“चाळीस वर्षं तुझी वाट बघत्ये मी, पाइंटची दोन मिनिटं नाही का बघणार?”

“आणि शेजारच्याने पाजली तर पुढची आपण पाजायची. एकट्याने पिऊन उठायचं नाही. गाव विसरत नाही.”

“हे लिहिलंय का त्याने?”

“सगळं लिहिलंय.”

पहिल्यांदा फेरीला दोन तास दहा मिनिटं लागली. माशांच्या सूपच्या दुकानातली एक गोष्ट कापून त्याने ती बरोबर दोन तासांवर आणली. ती गोष्ट कापताना त्याला वाईट वाटलं. पण पाहुण्यांचे पायही बघायला हवेत.

मार्च सुरू झाला. कॉर्मक दिवसातून चार वेळा दारावरून जायचा. प्रत्येक वेळी मॉसी पाठ सरळ करायचा. एकदा कॉर्मक खास थांबला.

“मॉसी, एक विचारायचं होतं.”

“विचार की.” मॉसीचा हो जिभेच्या टोकावर होता.

“तळघराची दुसरी किल्ली कुठे असते?”

मॉसीने किल्ली कुठे असते ते सांगितलं.

“तूच जाऊन सांग ना,” घरी स्टेशा म्हणाली. “मला करायचंय म्हणावं.”

“स्वतःहून? कसं दिसेल ते?”

“वेड्यासारखं दिसेल. पण काम मिळेल.”

“तो विसरला असेल गं. नऊ वर्षं हॉलंडला होता. तिथे नको म्हणजे नकोच. एकदा म्हटलं की ते लोक कप उचलून ठेवतात.” हे त्याने स्वतःलाच समजावलं, आणि ते त्याला बरंही वाटलं. विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही. थांबता मात्र येतं.

मार्चच्या मधल्या सोमवारी रिसेप्शनपाशी एक मुलगी उभी होती. पंचविशीची, आखूड केसांची, पायात दणकट बूट.

“मॉसी, ही डर्व्हला,” कॉर्मक म्हणाला. “शनिवारच्या फेऱ्या ही घेणार.” मग तो तिच्याकडे वळला. रिसेप्शनवरच्या ब्रोनालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “मी आधी मॉसींनाच विचारलं होतं, बरं का. एकदा नाही, दोनदा. ते नको म्हणाले.”

“गुडघे,” ब्रोना कळवळून म्हणाली. तिला ते ठाऊक होतं म्हणजे कॉर्मकने तेही सांगितलं होतं.

“तुम्ही हिला जरा तयार कराल ना?” कॉर्मकने विचारलं.

“करीन की,” मॉसी म्हणाला. याला मात्र तो पहिल्याच वेळी हो म्हणाला. शिकायला आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं त्याला जमत नसे.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, “कुठली गं तू?”

“किल्केनीची.”

“अरे देवा! वॉटरफर्डचा ब्ला आता किल्केनीवाले दाखवणार!”

“हर्लिंगच्या मैदानात आपल्यात शेवटी कोण हरलं, ते सांगू का?”

“नको. स्टेशन त्या पुलापलीकडे आहे, अजून गाडी मिळेल तुला.”

ती हसली, आणि मॉसीला ती आवडली. त्यामुळे सगळं आणखी अवघड झालं.

चार दिवस रोज सकाळी त्याने तिला शिकवलं. हातचं काहीच राखलं नाही. कुठल्या बेकरीत मागच्या दाराने जायचं, शुक्रवारीच डुकराचे पाय का मागायचे, मासळीची होडी डनमोरला कधी लागते आणि सूप त्या दिवशी का घ्यायचं. आणि सगळ्यात शेवटी, बूट बघायला शिकवलं.

“चेहऱ्यावर माणूस पाहुणा असतो,” तो म्हणाला. “पायात तो जसा असतो तसा असतो. टाच झिजलेली असली तर त्याला बसायला जागा सांग, खायला काय ते नंतर.”

डर्व्हला चालता चालता थांबली. “हे पुस्तिकेत येणारच नाही. मॉसी, तुम्ही का नाही घेतलं हे काम? गुडघ्यांचं मला सांगू नका. चढावर धाप मला लागली, तुम्हाला नाही.”

“मी नको म्हटलं.”

“किती वेळा विचारलं त्यांनी?”

“दोनदा.”

किल्केनीतही चहा तसाच विचारतात. तिने बुटाने एक खडा नाल्यात ढकलला.

“तो नऊ वर्षं हॉलंडला होता,” मॉसी घाईने म्हणाला. “तिथे पद्धत वेगळी.”

“असेल,” ती म्हणाली.

पहिल्या फेरीच्या आधीच्या गुरुवारी छापखान्यातून पुस्तिका आल्या. डर्व्हलाने एक आणून मॉसीच्या टेबलावर ठेवली, पण ती तिथे थांबली नाही. त्याने चष्मा लावला.

सगळं ओळखीचं होतं. अकराच्या आत खायचा ब्ला. गोड हसून बाहेर पडणं. कोटावरचं पीठ. बारवाल्याने मान हलवेपर्यंत थांबणं. स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकू यावा तसं त्याला वाटत होतं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याने ते शोधलंही नाही. मग त्याने पहिलं पान उलटलं. तिथे कॉर्मकचा फोटो होता आणि त्याखाली मॅनेजरचे चार शब्द.

‘आमच्याकडे कुणी नको म्हटलं तर फसू नका,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘पहिले दोन नको शिष्टाचाराचे असतात. वॉटरफर्डच्या माणसाला तिसऱ्यांदा विचारा, तो हो म्हणेल. माझी आई म्हणायची, तिसऱ्यांदा न विचारणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं.’

मॉसीने ते पुन्हा वाचलं. पुस्तिकेतली बाकी वाक्यं त्याची होती. हे वाक्य त्याने सांगितलेलं नव्हतं.

कॉर्मक आपल्या खोलीत पुस्तिकांचे गठ्ठे सोडत होता. मॉसीने दारावर टकटक केली आणि आत गेला.

“हे पहिल्या पानावरचं तू लिहिलंस?”

“हो. कसं झालंय?” कॉर्मकने हसत वर बघितलं. मग मॉसीचं बोट कुठे आहे ते त्याला दिसलं, आणि त्याचं हसू तिथेच राहिलं.

“छान झालंय,” मॉसी म्हणाला. “म्हणजे तू विसरला नव्हतास.”

कॉर्मकने कात्री खाली ठेवली. “डब्लिनच्या लोकांना तरुण चेहरा हवा होता, मॉसी. फोटोसाठी, जाहिरातीसाठी. पहिल्या दिवसापासून त्यांचं ते ठरलेलं होतं. मी काय करणार होतो?”

“मग मला विचारलंस कशाला?”

“न विचारता कसं चालेल? तुम्ही मला इथे आणलंत. तुमच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना माझी.”

“म्हणून माझ्याच तोंडून म्हणवून घेतलंस.”

खाली स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी आपटत होतं. कॉर्मकने गठ्ठ्याची सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळली.

“तिसऱ्यांदा विचारलं असतं,” तो हळू आवाजात म्हणाला, “तर तुम्ही हो म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो,” मॉसी म्हणाला. “आणि तू नाही म्हणाला असतास ना, पहिल्याच दिवशी, तर मी तेही ऐकलं असतं रे. वाईट वाटलं असतं. पण घरी जाऊन बुटांना तळ लावून घेतले नसते.”

त्याने हातातली पुस्तिका गठ्ठ्यावर परत ठेवली, कडा सारख्या केल्या आणि तो खाली आपल्या दारावर गेला.

स्टेशाने ऐकलं तेव्हा तिच्या हातातली किटली जोरात चुलीवर आदळली. “मी जाऊन त्याच्या आईला सांगते!”

“ती वारली सहा वर्षांपूर्वी.”

“थडग्यावर जाऊन सांगते!”

“तिचा काय दोष त्यात? तिने बरोबरच शिकवलं होतं.” मॉसी खुर्चीत बसला आणि बूट काढू लागला. “तीन आठवडे, स्टेशा. पावसात, वाऱ्यात त्याला घेऊन फिरलो. मला वाटलं होतं, पोराला आपलं गाव परत दाखवतोय.”

तिने चहा ओतला आणि कप न विचारताच त्याच्यासमोर ठेवला.

शनिवारी सकाळी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. हॉटेलच्या पायऱ्यांवर चौदा पाहुणे जमले. कॉर्मकने त्यांचे फोटो काढले. डर्व्हलाने हिरवं जाकीट घातलं होतं. निघताना तिने दाराकडे बघितलं. मॉसीने मान हलवली, तशी ती घोळका घेऊन निघाली. पहिल्या कोपऱ्यावर ती थांबली आणि तिने मागे वळून आधी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. मॉसीला ते दुरूनही दिसलं.

घोळका दिसेनासा झाल्यावर लिफ्टमधून एक वयस्कर जोडपं घाईघाईने बाहेर आलं. नॉर्वेहून आलेलं, काल रात्री उतरलेलं. नवऱ्याचा उजवा हात सारखा थरथरत होता आणि त्याच्या एका बुटाची नाडी सुटून मागे लोळत होती.

“गेले का सगळे?” बाईंनी विचारलं. “आम्हाला उशीर झाला. याला बूट घालायला वेळ लागतो, आणि मला वाकता येत नाही.”

“काही उशीर नाही झाला,” मॉसी म्हणाला. “बसा इथे.”

तो जमिनीवर गुडघे टेकून बसला. त्याने दोन्ही नाड्या सोडून नव्याने बांधल्या, गाठीवर दुसरी गाठ मारली आणि आत बोट घालून घट्ट तर नाही ना ते पाहिलं. मग हाताला धरून त्या माणसाला उठवलं.

“घाटावरून जाऊ नका, वारा लागेल. इथून मागच्या गल्लीने वर जा. चढाच्या मध्यावर बेकरी आहे, ताज्या पावाचा वास येईल तिथे वळा. ते लोक लांबच्या वाटेने येतायत, त्यांच्या आधी पोचाल. आत खिडकीशी बाक आहे, तिथे बसून घ्या. हिरव्या जाकिटातली मुलगी येईल, तिला सांगा मॉसीने पाठवलंय.”

“तुम्हाला सगळंच ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नाही येत आमच्याबरोबर?”

“मी दारावर असतो, बाई.”

त्याने दार उघडून धरलं. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, बायकोचा हात धरला, आणि दोघं पायऱ्या उतरून गल्लीत वळली. मॉसी ती गेली त्या बाजूला बघत राहिला.

“मॉसी,” बऱ्याच वेळाने आतून ब्रोनाची हाक आली, “दार लावा ना हो. केवढा गारठा आत येतोय!”